कपडा उलटा करून बघा

महागड्या ब्रँडच्या दुकानात शिरलात की आधी एवढं करा. आवडलेला कपडा हँगरवरून उतरवा, आतली बाजू बाहेर काढा आणि उजेडात धरा. किंमत नंतर. दुकानातली मुलगी बघेल, बघू दे. पैठणी घेताना आपण पदर उलटून मागचे धागे बघतोच, लक्ष्मी रोडवर कुणी त्यावरून नाक मुरडत नाही. विमाननगरच्या मॉलमध्ये काचेचं दार आणि एसी आला की मात्र आपण हात मागे बांधून उभे राहतो.

नारायण पेठेत माझं फॉल-पिको आणि अल्टरेशनचं लहानसं दुकान आहे. मोठ्या ब्रँडचे कपडे मी विकत घेत नाही म्हटलं तरी चालेल, पण ते माझ्याकडे येतात. हिंजवडीतल्या पोरांच्या जीन्स उंचीला कमी करायला, कुणाचं लग्नातलं जॅकेट कमरेत घ्यायला, जर्मनीहून सुट्टीवर आलेल्या कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायला. दुकानात कपडा बाहेरून दिसतो, माझ्याकडे उसवल्यावर दिसतो. त्यामुळे फॅशनबद्दलची माझी मतं आतल्या बाजूची आहेत, रॅम्पवर काय चाललंय ते मला टीव्हीइतकंच ठाऊक. सुट्टीच्या दिवशी बहिणीची मुलगी मला मॉलमध्ये घेऊन जाते. ती घेते, मी बघते.

पाटी कुणाची, गल्ला कुणाचा

सगळ्या परदेशी पाट्या एका तोलाच्या नसतात, हे आधी डोक्यात पक्कं करा. झारा १९७५ मध्ये स्पेनमधल्या आ कोरुन्या गावात सुरू झालं, एचअँडएम १९४७ मध्ये स्वीडनमध्ये, युनिक्लोचं पहिलं दुकान १९८४ मध्ये हिरोशिमात. तिकडे ही नोकरदार माणसाच्या रोजच्या कपड्यांची दुकानं आहेत. आपल्याकडे ती मॉलच्या दर्शनी भागात, मोठ्या दिव्यांखाली आली म्हणून आपण त्यांना श्रीमंती समजतो. झारावाल्यांचं खरं कसब वेगात आहे. नवा नमुना कागदावरून दुकानात काही आठवड्यांत येतो आणि न खपलेला तितक्याच लवकर मागे जातो. एवढ्या घाईच्या कापडाकडून दहा वर्षांची अपेक्षा करू नये. दोन हंगाम नीट गेले की पैसे फिटले म्हणायचे.

त्याच्या वरच्या पायरीवर कोच, मायकल कॉर्स, टॉमी हिलफिगर, बॉस वगैरे. इथे माल बरा असतो, पण नावाचे पैसे बरेच लागतात. सेल बऱ्याचदा लागतो, म्हणून पूर्ण किंमत द्यायची घाई करू नका.

आणि सगळ्यात वर एर्मेस, शनेल, लुई व्हितों, डिओर ही मंडळी. ती बघायची तर पुणेकराला मुंबई गाठावी लागते. बीकेसीत जिओ वर्ल्ड प्लाझा नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलं, लोअर परळला पॅलेडियम आहे. मला विचाराल तर फोर्टातलं एर्मेसचं दुकान बघा. सकाळच्या डेक्कन क्वीननं जा, सीएसएमटीला उतरा, हॉर्निमन सर्कल पायी जाण्याच्या अंतरावर आहे. त्या जुन्या दगडी इमारतीसाठीसुद्धा चक्कर वसूल होते.

मालकी कुणाची हेही बघून ठेवा. लुई व्हितों, डिओर, फेंडी, बुल्गारी, टिफनी या सगळ्यांच्या वर एकच फ्रेंच कंपनी आहे, एलव्हीएमएच. गुची, बोतेगा व्हेनेता, बालेन्सियागा हे केरिंगचे. कार्तिए आणि मोंब्लां रिशमोंचे. एका मजल्यावर तीन दुकानांत शिरून ‘इथे महाग, तिथे त्यातल्या त्यात स्वस्त’ असा हिशेब मांडणाऱ्याचा रुपया कधीकधी एकाच खिशात जात असतो. एर्मेस मात्र अजून घराण्याच्या हातात आहे. एलव्हीएमएचनं २०१० च्या सुमारास त्यात बराच मोठा हिस्सा गोळा केला होता, तेव्हा घरातली माणसं एक झाली आणि त्यांनी ताबा जाऊ दिला नाही. वाड्याच्या वाटणीचे दावे बघितलेल्या पुणेकराला याचं अप्रूप वाटायला हवं.

उलटाही प्रकार आहे. माँटे कार्लो लुधियानाचं. लुई फिलीप हे नाव फ्रान्सच्या राजाचं, पण ब्रँड १९८९ मध्ये भारतातच आला आणि आज आदित्य बिर्ला समूहाकडे आहे. हायडिझाइन १९७८ पासून पुदुच्चेरीचं. आणि ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या घरचं समजलो ते बाटा १८९४ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन गावात सुरू झालेलं. यातलं कुणी वाईट नाही. हायडिझाइनच्या जुन्या पर्सेस माझ्याकडे चेन बदलायला येतात, कातडं ठणठणीत असतं. फक्त ‘इम्पोर्टेड आहे’ असं सांगून कुणी जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जा.

टी-शर्ट घेणाऱ्यांनी घोडे मोजावेत. छातीवर एकच घोडेस्वार असेल तर राल्फ लॉरेनचा पोलो. दोन घोडेस्वार असतील तर यू. एस. पोलो असोसिएशन, म्हणजे वेगळी कंपनी, वेगळी किंमत, भारतात अरविंदकडे परवाना. मगरीचंही तसंच: लाकोस्तची फ्रेंच मगर १९३३ पासूनची आणि तिचं तोंड उजवीकडे, सिंगापूरच्या क्रोकोडाइलची डावीकडे बघते. भाची म्हणते, मावशी, तू प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी हिंडतेस. हिंडते, पण पैसे वाचतात.

चिठ्ठीवरचं बारीक

किमतीच्या चिठ्ठीवर बारकोडखाली मुंगीच्या पायाएवढी अक्षरं असतात, चष्मा लावून ती वाचा. आयात मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, माल कुठल्या देशात बनला ते, आणि सगळे कर धरून एमआरपी छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. इटालियन नावाच्या शर्टावर बांगलादेश, तुर्कस्तान, व्हिएतनाम किंवा चक्क भारत दिसेल. दचकू नका. बांगलादेशातल्या बायका उत्तम शिवतात, देशाच्या नावावरून शिलाई ठरत नाही. पण ‘इटलीहून मागवलंय’ असं तोंडी सांगणाऱ्याची परीक्षा तिथे होते. चिठ्ठीच नसेल, किंवा छापलेल्या किमतीवर दुसरा जास्त किमतीचा कागद चिकटवला असेल, तर विचारा. उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

बिलावर कराचा दर बघायची सवय लावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवर आणि चपला-बुटांवर नगाला किंवा जोडाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे रेषेच्या जरा अलीकडचा शर्ट आणि जरा पलीकडचा शर्ट यांच्यातला बराच फरक सरकारी तिजोरीत जातो, कापडात नाही. अगदी वरच्या मजल्यावर, १० लाखांच्या पुढची पर्स किंवा घड्याळ घेतलं, तर एप्रिल २०२५ पासून विक्रेता किमतीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे आयकराचा आगाऊ हिस्सा, वसूल करतो. तो आयकर भरताना वळता होतो. माझ्या गिऱ्हाइकांत असं कुणी नाही, पण तुम्ही असाल तर पॅन कार्ड बरोबर ठेवा.

आतल्या शिलाईत दुसरं लेबल असतं, त्यावर कापडात काय काय किती टक्के ते लिहिलेलं. किंमत बघायच्या आधी हे वाचलं तर निम्मा मोह उतरतो. दिसायला रेशमी, हाताला गार, आणि लेबलवर शंभर टक्के पॉलिस्टर. मे महिन्यात तो घालून सिंहगड रोडच्या सिग्नलला उभं राहायचंय, याचा विचार ट्रायल रूममध्ये करा. व्हिस्कोस अंगावर छान पडतं, पण पहिल्याच धुण्यात आटायची शक्यता असते. टबाच्या चित्रावर फुली म्हणजे पाण्यात घालायचा नाही, नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन. दर वापराला ड्रायक्लीन करावा लागणारा कुर्ता घेताना धोब्याचा खर्चही मनात धरा.

उलटं केल्यावर

पहिल्यांदा माया बघा. शिलाईच्या आत किती कापड सोडलंय ते. घाईच्या मालात ओव्हरलॉकची कड (धागे सुटू नयेत म्हणून मशीननं दोऱ्यात गुंडाळलेली) आणि शिलाई जवळजवळ चिकटलेली असतात. असा कपडा सैल करून द्या म्हणून कुणी आलं की मी हात जोडते, कारण आत काही शिल्लकच नसतं. चांगल्या पँटला मागच्या शिलाईत, कमरेपाशी, इंचभर माया ठेवलेली असते. शिवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं की माणूस दिवाळीचा फराळ खाणार आहे. किंमत आठ हजार आणि आत पाव इंच, असं दिसलं तर तो कपडा तुमच्या अंगाच्या पुढच्या पाच वर्षांसाठी शिवलेला नाही.

मग टाके मोजा. अंगठ्याचं वरचं पेर साधारण इंचभर असतं, ते शिलाईवर ठेवा. चांगल्या फॉर्मल शर्टाला तेवढ्यात सोळा-अठरा टाके बसतात, त्याहूनही जास्त दिसतील. घाईच्या कामात दहा-बारा. टाके जास्त म्हणजे मशीनवर वेळ जास्त, एवढा साधा हिशेब आहे. शिलाई दोन्ही हातांनी हलकेच ओढून बघा. मधून उजेड दिसला तर दोरा ढिला आहे.

चौकड्याचा किंवा पट्ट्यांचा शर्ट असेल तर खिशावर आणि बाजूच्या शिलाईवर रेघा जुळतात का बघा. जुळवायला कापड जास्त लागतं आणि कटिंग मास्तरला डोकं लावावं लागतं, म्हणून खर्च कमी करायचा झाला की पहिली कात्री इथे लागते. मला या एका गोष्टीचं वेड आहे. पीएमपीच्या बसमध्ये पुढच्या माणसाच्या पाठीवरची रेघ खांद्यावर जुळलेली दिसली की मी मनात त्याच्या शिंप्याला नमस्कार करते.

काज बघा. आतून दोरे लोंबत असतील तर तीन महिन्यांत काज फाटणार. बटण गालाला लावून बघा. शिंपल्याचं गार लागतं, प्लॅस्टिकचं लागत नाही. चेन चार वेळा वर-खाली करा आणि बंद करून कपडा सपाट धरा. चेनच्या कडेनं लाट आली असेल तर ती लावताना कापड ताणलंय, इस्त्रीनं ती कधीच जाणार नाही. वायकेके ही अक्षरं बघून खूश होऊ नका. १९३४ पासूनची जपानी कंपनी आहे, माल चांगला असतो, पण तिची अक्षरं नकली चेनवरही छापतात. धावण्यावरून चेन ओळखा.

जॅकेटला एक वेगळी परीक्षा आहे. सर्वांत खालच्या बटणाखालचं कापड पुढून आणि आतून चिमटीत धरा आणि दोन्ही थर एकमेकांवर हलकेच चोळा. मध्ये तिसरा थर सुटा, तरंगता लागला तर आत कॅनव्हास आहे, म्हणजे जॅकेट हळूहळू तुमच्या छातीचा आकार घेईल. सगळं एकजीव, पुठ्ठ्यासारखं लागलं तर फ्यूजिंग आहे, म्हणजे आतला थर गोंदानं चिकटवलेला. फ्यूजिंग वाईटच असं नाही, लाखो जॅकेटं तशीच असतात. पण काही वर्षांनी ड्रायक्लीनिंगनंतर छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे येतात आणि त्याला माझ्याकडेही औषध नाही. तीस-चाळीस हजार मागणाऱ्यानं आत गोंद वापरला असेल तर तुम्ही विचारायला हवं. विक्रेत्याला बहुतेक वेळा उत्तर माहीत नसतं, आणि तेही एक उत्तरच.

पर्सेसपाशी जरा थांबा

लुई व्हितोंची तपकिरी, फुलाफुलांची, एल-व्ही अक्षरांची बॅग तुम्ही बघितली असेल. तो नमुना १८९६ चा आहे, संस्थापकाच्या मुलानं काढलेला. अनेकांना ती बॅग कातड्याची वाटते. ती कॅनव्हासची असते, सुती कापडावर प्लॅस्टिकचा लेप दिलेली. कातडं असतं ते बंदाला आणि कडेला. कापड वाईट नाही, हलकं आणि चिवट आहे, पावसाला दाद देत नाही. पण तिथले पैसे तुम्ही नक्षीचे देता, कातड्याचे नाही, हे माहीत असलेलं बरं.

एर्मेसची गोष्ट निराळी. ते १८३७ मध्ये घोड्याचं सामान शिवत होते आणि तीच शिलाई पर्सला वापरतात. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जातात. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की पुढची शिलाई उसवत जाते. या शिलाईत एक तुटला तरी बाकीचे आपापल्या जागी राहतात. हॉर्निमन सर्कलला गेलात तर बंदाच्या मुळाशी नजर लावा. टाके किंचित तिरपे दिसतात. घ्यायची ऐपत नसली तरी बघायला कुणी मनाई करत नाही, आणि चांगल्या हाताचं काम एकदा बघितलं की बाकीच्या दुकानांत डोळा आपोआप कडक होतो.

‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर फार विसंबू नका. त्यातून कातडं आहे एवढंच कळतं, कुठल्या प्रतीचं ते कळत नाही. ‘व्हीगन लेदर’ म्हणजे बहुतेक वेळा पीयू, प्लॅस्टिकचाच एक प्रकार. पुण्याच्या दोन-तीन पावसाळ्यांत त्याची सालं निघतात. पर्सची कापलेली कड बघा: चांगल्या कामात ती घासून, रंगाचे हात देऊन गुळगुळीत केलेली असते, स्वस्तात ती दुमडलेली किंवा रबरासारखी जाड रंगवलेली दिसते.

आणि कोल्हापुरी. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं मॉडेलांच्या पायात जी चप्पल घातली ती बघून महाराष्ट्रानं जो आवाज केला तो रास्तच होता. आधी कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं, आणि डिसेंबरात महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ यांच्याबरोबर करार केला. २,००० जोड इथल्या कारागिरांकडून, किंमत सुमारे ८०० युरो. माझं मत विचाराल तर ८०० युरोंचा राग मला आला नाही. राग आला तो आपला. पाचशे-हजाराची चप्पल आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करून घेतो आणि फोमची परदेशी स्लिपर निमूटपणे चार हजारांना उचलतो.

कोल्हापुरी घेताना काय बघायचं तेही सांगते, कारण आता नकली फार आल्या आहेत. २०१९ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. खरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते आणि कातड्याच्याच वादीनं शिवलेली असते, खिळा नसतो. तळाला खिळ्याचं डोकं किंवा रबर दिसलं, किंवा वासात केमिकल आलं, तर पुढचं दुकान.

५३ युरो

हा भाग खरेदीचा नाही, पण तो कळल्याशिवाय किमतीचं गणित लागत नाही. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयानं डिओरच्या एका इटालियन उत्पादन कंपनीवर प्रशासक नेमला. कारण, कंत्राटदारांच्या कारखान्यांत कामगारांचं शोषण होतंय का याकडे तिनं पुरेसं लक्ष दिलं नाही. न्यायालयाच्या कागदांत एक आकडा होता: एका बॅगेच्या शिलाई-जोडणीला कंत्राटदाराला ५३ युरो, दुकानातली किंमत २,६०० युरो. यात कातड्याची किंमत धरलेली नाही, तेवढं लक्षात घ्या. कंपनीनं सुधारणा केल्यावर पुढच्या वर्षी प्रशासकाची नेमणूक उठली.

भाचीला तो आकडा ऐकून धक्का बसला, मला बसला नाही. जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याचा माल नगावर शिवून द्यायचा, दर ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत असतं की सुई चालवणाऱ्याचा वाटा शेवटी मोजतात. बाकीचे पैसे मोक्याच्या रस्त्यावरच्या दुकानाच्या भाड्यात, जाहिरातीत, शोमध्ये, आणि न खपलेल्या मालात जातात. बर्बरीनं एका वर्षात २.८६ कोटी पौंडांचा माल नष्ट केल्याचं २०१८ मध्ये बाहेर आलं, तेव्हा बोंबाबोंब झाली आणि त्यांनी ती पद्धत बंद केली. माल सेलमध्ये काढला तर नाव उतरतं, म्हणून जाळलेला बरा, असा तो विचार होता. फॉलचे उरलेले तुकडेही जपून ठेवणारी मी, मला हे काही पचत नाही.

आपल्याकडच्या सुईचाही यात हात आहे. ३० मार्च २०२३ ला डिओरनं गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तो मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या कारखान्याबरोबरच्या जुन्या संबंधांतून. पॅरिसच्या नावाखालचं बरंचसं भरतकाम वर्षानुवर्षं मुंबईत होत आलंय. भरतकाम इथे आणि जोडणी युरोपात झाली तर लेबलवर युरोप येऊ शकतं. म्हणून भरतकाम बघायचंय तर कपडा उलटा करून मागच्या गाठी बघा. हातकामात मागे थोडा गोंधळ असतोच. मागची बाजूही अगदी एकसारखी, पांढऱ्या जाळीवर बसवलेली असेल तर मशीन आहे.

फर्स्ट कॉपी, सरप्लस आणि आउटलेट

कॉपी घेऊ नका, एवढंच. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि माल म्हणूनही तो टिकत नाही. कॉपीत सगळा खर्च बक्कल आणि अक्षरांवर करतात, अस्तर आणि बंद कसेतरी. बक्कल चमकत राहतं, बंद तुटतो. बिननावाची, चांगल्या कातड्याची पर्स त्याच पैशांत येते.

एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे परदेशासाठी शिवलेला पण नापास होऊन इथेच उरलेला माल, मात्र मला आवडतो. कॅम्पातलं फॅशन स्ट्रीट मार्च २०२१ च्या आगीत होरपळलं, पुन्हा उभं राहिलं, आणि अजून तिथे शोधणाऱ्याला रत्न सापडतं. खऱ्या सरप्लसचं लेबल बहुधा अर्धं कापलेलं किंवा काळ्या रेघेनं खोडलेलं असतं. सगळीकडे ब्रँडचं नाव ठळक झळकत असेल तर उलट संशय घ्या. माल नापास का झाला ते शोधा: एक बाही पिळलेली, दोन पायांच्या रंगात फरक, कॉलरची टोकं लहान-मोठी. रंगातला फरक दिवसाच दिसतो, म्हणून संध्याकाळी दिव्यात जाऊ नका. दोष लपणारा असेल तर घ्या, आणि भाव अर्ध्यावरून सुरू करा.

आउटलेटमध्ये ‘७० टक्के सूट’ बघून उडी मारण्यापूर्वी एक विचारा: हा माल मुख्य दुकानात होता का? अनेक ब्रँड आउटलेटसाठी वेगळा, हलका माल बनवतात. मग ती मूळ किंमत नुसती छापलेली असते.

परदेशातून आणताना

युरोपला जाणारे पाहुणे यादी मागतात तेव्हा हे सांगा. फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी झाली तर व्हॅट, म्हणजे तिकडचा विक्रीवरचा कर, परत मिळतो. मूळ कर २० टक्के असला तरी हातात साधारण १२ टक्के येतात, बाकी मधले घेतात. इटलीत मर्यादा ७० युरोंच्या जरा वर. दुकानात पासपोर्ट दाखवून कागद करून घ्यायचा, विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी शिक्का घ्यायचा. लंडनमध्ये ही सोय जानेवारी २०२१ पासून बंद आहे, तेव्हा तिथून ‘टॅक्स फ्री’ची अपेक्षा नको. परत येताना आपलं कस्टम असतं. बिनाशुल्क आणायची मर्यादा सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून निघताना कस्टमच्या साइटवर ताजा आकडा बघा. बिलं फेकू नका आणि जास्त असेल तर लाल मार्गिकेतून जा. ड्यूटी धरून हिशेब केला की पॅरिसची स्वस्ताई बरीचशी विरते. बदलून घ्यायचं झालं तर परत पॅरिस.

माझ्याकडे येण्यापूर्वी

घेतानाच अल्टरेशनचा विचार करा. कंबर, उंची, बाजू घेता येतात. जॅकेटचा खांदा मोठा असेल तर ते ठेवून द्या. खांदा उतरवणं म्हणजे जॅकेट नव्यानं शिवणं, आणि त्याचे पैसे ऐकून तुम्ही माझ्यावर रागावाल. बाहीची बटणं खरी उघडणारी असतील तर बाही खालून लहान होत नाही, काज मध्ये येतात. सैल करून घेतलेल्या कपड्यावर जुन्या शिलाईच्या भोकांची रेघ राहते, गडद रेशमावर तर हमखास. मण्यांचं काम असेल तर शिलाईच्या वाटेतले मणी हातानं काढून पुन्हा लावावे लागतात, म्हणून दर वेगळा सांगितला तर घासाघीस करू नका. जीन्सची मूळ घासलेली कड हवी असेल तर आधी सांगा, मी ती कापून खाली परत जोडते, नाहीतर कात्री चालल्यावर काही होत नाही. कपड्याबरोबर आलेली जादा बटणाची पुडी घरातल्या एकाच डब्यात टाकत जा.

सुती पँट उंचीला कमी करायला आणताना आधी एकदा धुऊन, वाळवून आणा, म्हणजे नंतर आटून वर चढणार नाही. आणि जे बूट त्याच्यावर घालणार, ते पायात घालून या. फ्लोटर्स घालून येऊन फॉर्मल पँटची उंची मी घेत नाही.